आमच्या नावाने खोडलेली ओळ

मुख्याध्यापिकाबाईंनी मला माझ्या नाटुकल्यातलं एकच वाक्य काढायला सांगितलं आणि मी ते काढलं. त्यांचा राग आला, तो अजूनही आहे. पण त्याच्याही आधी स्वतःचा आला, कारण त्यांनी सांगितल्यावर मी "बरं" म्हटलं आणि त्यांच्याच टेबलावरचं पेन उचलून त्यांच्यासमोर रेघ मारली.

मी मूळची नाशिकची. इतिहासात एम.ए. केलं, बी.एड. केलं, आणि लग्न झाल्यावर कुवेतला आले. नवरा मीना अल-अहमदी इथल्या रिफायनरीत इंजिनियर आहे. आम्ही राहतो बनेद अल-गारला. त्याला ते लांब पडतं, पहाटे कंपनीची बस धरावी लागते. पण माझी शाळा तिथून दहा मिनिटांवर, म्हणून आम्ही घर बदललं नाही. शाळेत ब्रिटिश अभ्यासक्रम आहे, फी मात्र बेताची, त्यामुळे मुलं सगळीकडची. कुवेती, इजिप्शियन, लेबनीज, फिलिपिनो, आणि आपली भारतीय तर भरपूर. विषय शिकवायला शिक्षक इंग्लंडहून येतात. मी तिथे नऊ वर्षं सहायक शिक्षिका. म्हणजे झेरॉक्स काढायच्या, वह्या तपासायच्या, मुलांना रांगेत उभं करायचं, आणि वेळ पडली की धड्याच्या वर्कशीट तयार करायच्या. त्यांच्यावर नाव ज्याचा तास असेल त्याचं यायचं. याचा राग मी कधीच गिळून टाकला होता असं मला वाटत होतं.

एका जानेवारीत इतिहासाच्या बाई बाळंतपणासाठी मायदेशी गेल्या. वर्षाच्या मध्यावर नवीन माणूस मिळेना. तेव्हा सातवीचा वर्ग तात्पुरता माझ्याकडे आला. त्या सत्रात रोमन लोकांचं ब्रिटनमधलं राज्य हा भाग होता, आणि त्यात ती राणी होती. रोमविरुद्ध बंड करून उठलेली, जिच्या नावाचा अर्थ 'विजय' असा सांगतात.

आधीच्या फाइलमध्ये तिच्यावर एक तयार वर्कशीट होती. तिच्यात तीन वाक्यं होती. राणीचा नवरा मेला. रोमन लोकांनी तिची जमीन घेतली. राणी खूप रागावली आणि तिने तीन शहरं जाळली. खाली रंगवायला चित्र होतं, त्यात डोळे वटारलेली, तोंड वासलेली, केस सोडलेली एक बाई. मी ती वर्कशीट दोनदा वाचली आणि बाजूला ठेवली. मुलांना गोष्ट मीच सांगितली.

ब्रिटनच्या पूर्वेकडच्या सपाट, दलदलीच्या मुलखात एका टोळीचं राज्य होतं. तिथल्या राजाने रोमशी जुळवून घेऊन आपली गादी टिकवली होती. त्याला मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. मरताना त्याने मृत्युपत्र केलं, की अर्धं राज्य रोमच्या सम्राटाला आणि अर्धं मुलींना. सम्राट खूश राहील आणि मुलींचं तेवढं वाचेल, असा त्याचा हिशोब. तो गेला आणि रोमन अधिकाऱ्यांनी ते मृत्युपत्र बाजूला सारलं. युद्धात जिंकलेला मुलूख लुटावा तसं त्यांनी घर आणि राज्य लुटलं. राणीला चाबकाने फोडलं. तिच्या मुलींच्या अंगावर हात टाकला. मग ती उठली. तिच्यामागे तिची टोळी उठली, शेजारच्या टोळ्या उठल्या. रोमचा सुभेदार पश्चिमेला दुसऱ्या मोहिमेत अडकला होता, तेवढ्यात यांनी तीन शहरं जाळली. त्यात आजचं लंडनही आलं. तिथे खोल खणलं की जळक्या मातीचा थर अजून लागतो. शहरांत सापडलेल्या बायकामुलांनाही राणीच्या माणसांनी सोडलं नाही, हेही मी सांगितलं. शेवटच्या लढाईत हिची माणसं रोमनांपेक्षा कितीतरी जास्त होती. पण लढाई बघायला म्हणून घरची माणसं गाड्या घेऊन मागे येऊन उभी राहिली, आणि पळायची वेळ आली तेव्हा त्याच गाड्यांनी वाट अडवली. राणी नंतर गेली. कुणी म्हणतं विष घेतलं, कुणी म्हणतं आजाराने.

मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. राजाने अर्धं राज्य सम्राटाला कशाला दिलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, उरलेलं अर्धं वाचावं म्हणून. ती इंग्रजीत म्हणाली, "पण तसं कधीच होत नाही, मिस."

ही मुलगी रत्नागिरीकडची. तिच्या वडिलांचा शर्कच्या मासळी बाजारात गाळा आहे, ते हॉटेलांना मासळी पुरवतात. आई घरी शिवणकाम करते. आमच्या मागच्याच इमारतीत राहतात, त्यामुळे तिच्या आईची, म्हणजे भाभींची, आणि माझी जिन्यात, दुकानात तोंडओळख होती. आई कोकणीत बोलायची, मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं बिनबोभाट चालायचं. वडील लिलावात बोली लावतात आणि मुलीने त्यांचा आवाज उचलला होता. मार्चमध्ये शाळेचा इतिहासाचा कार्यक्रम असतो, प्रत्येक वर्ग पंधरा मिनिटांचं काहीतरी बसवतो. मी राणीवर नाटुकलं लिहिलं आणि राणीचं काम या मुलीला दिलं.

महिनाभर तालमी झाल्या. भाभींनी तांबूस लोकरीचा कमरेपर्यंत येणारा केसांचा टोप करून पाठवला, आत टोपीचं अस्तर लावून, मुलीला टोचू नये म्हणून. कँटीनची ट्रॉली आमचा रथ झाली. तिच्यावर राणी, आणि दोन्ही बाजूंना तिच्या मुली झालेल्या दोन पोरी. रथावरून राणी आपल्या लोकांशी बोलते, तो नाटकातला मोठा प्रसंग. त्यात ते वाक्य होतं. मी इंग्रजीत लिहिलेलं, मराठीत असं होईल: त्यांनी मला चाबकाने मारलं, माझ्या मुलींच्या अंगावर हात टाकला, म्हणून मी आज इथे उभी आहे. बारा वर्षांच्या मुलांना झेपेल इतपतच मी ते ठेवलं होतं. प्रत्येक शब्द तोलून घेतला होता.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापिकाबाईंनी संहिता बघायला मागितली. बाई उत्तर इंग्लंडच्या, वागायला सभ्य, मुलांची नावं लक्षात ठेवणाऱ्या. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांच्या खोलीत थेम्सच्या काठावरच्या त्या राणीच्या पुतळ्याचा फोटो आहे. उधळलेले घोडे, रथ, हात उंचावलेली राणी आणि तिच्या दोन मुली. लहानपणी वडिलांचं बोट धरून आपण तो पुतळा बघायला गेलो होतो, असं त्यांनी मला सांगितलं. नाटुकलं त्यांना आवडलं. मग त्यांनी त्या एका वाक्यावर बोट ठेवलं आणि हे काढावं लागेल म्हणाल्या.

मी का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, आपले पालक. हा आखातातला समाज आहे, इथल्या आईवडिलांना मुलीच्या तोंडी असलं वाक्य चालणार नाही, तक्रार मंत्रालयापर्यंत जाईल. कुणी तसं बोललं आहे का, असं मी विचारलं. अजून नाही, पण अनुभवाने कळतं, असं त्यांचं उत्तर. शहरं जाळलेली चालतील का? चालतील, पुठ्ठ्याच्या ज्वाळा छान दिसतात. माणसं मारलेली? रक्त न दाखवता चालतील. मग ती शहरं का जाळते, ते काय सांगायचं? त्या म्हणाल्या, जमीन घेतली, कर लादले, तेवढं पुरेसं आहे.

तिथे मी "बरं" म्हटलं. वर्ग तात्पुरता होता, माझं कंत्राट एप्रिलमध्ये नव्याने व्हायचं होतं, आणि नऊ वर्षांनी पहिल्यांदा माझ्या हातात स्वतःचा वर्ग आला होता. ही कारणं मी तेव्हाही स्वतःला दिली. ती खोटी नव्हती. पण त्यांनी लाज कमी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला नवा कागद दिला. तिने भाषण वाचलं, गाळलेली जागा तिला लगेच सापडली. पाठच होतं तिला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मग ती नुसती वेडी वाटेल, मिस."

मी तिला म्हटलं, आवाज मोठा ठेव, म्हणजे वाटणार नाही. माझ्या शिक्षकपणातलं इतकं वाईट उत्तर मला दुसरं आठवत नाही.

घरी जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, एका वाक्यापायी नोकरी घालवू नकोस. त्याचंही चूक नव्हतं. रिफायनरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठे बोलावं आणि कुठे सही करून मोकळं व्हावं हे कळतं. पण मी थांबले नाही. मी म्हटलं, तो पुतळा कुणी उभारला ते बघ. साताऱ्याची गादी औरस वारस नाही म्हणून खालसा केली. नागपूरची केली. झाशीला दत्तक मुलगा असून तो नाकारला. हे सगळं करणाऱ्यांनी त्याच शतकात या राणीचा ब्राँझचा पुतळा घडवायला घेतला. हिचंही राज्य नेमकं असंच गेलं होतं, मुलगा नाही, मुलींना आम्ही मोजत नाही, म्हणून. आणि उभा कुठे केला, तर तिने जाळलेल्या शहरात. हे म्हणे आमच्या शौर्याचं प्रतीक. दुसऱ्याच्या साम्राज्याविरुद्ध लढलेली बाई आपल्या साम्राज्याच्या दारात उभी करायची, आणि तिच्या पाठीवरचे वळ तेवढे झाकायचे.

नवरा म्हणाला, "हे त्यांना सांगायचं होतंस."

मी उठून भांडी घासायला गेले.

कार्यक्रम गुरुवारी झाला. हॉल भरला होता. आमचा रथ रंगमंचावर आला तो एक चाक वाकडं होऊन किरकिरत, त्यावरच पहिला हशा पिकला. मुलीने मी सांगितल्याप्रमाणे आवाज मोठा ठेवला. त्यांनी माझी जमीन घेतली, त्यांनी कर लादले, मी संतापले आहे, जाळा. लोकरीचे केस उडत होते आणि ती किंचाळत होती. मागच्या रांगांतून हसू येत होतं. वाईट हेतूचं नव्हतं ते, लहान पोर मोठ्या बाईसारखी रागावली की हसतात तसं. पण मी पडद्याआडून बघत होते, आणि मला दिसत होतं की तिलाही ते ऐकू येतंय. ती भाषणाचा शेवट घाईघाईने उरकून मोकळी झाली. आत आल्यावर तिने टोप काढून माझ्या हातात दिला आणि पाणी प्यायला निघून गेली.

मी खुर्चीवर बसले तेव्हा माझ्या हातात कार्यक्रमाची छापील पत्रिका आली. आमच्या वर्गाच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की पालकांच्या सांस्कृतिक भावनांचा आदर राखून या कथेतला काही भाग वगळला आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. ज्या पालकांना कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं, त्यांच्या डोक्यावर ते आता छापून ठेवलं होतं.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी शाळेच्या फाटकाशी भाभी उभ्या होत्या. काळा अबाया, खांद्याला पिशवी, आणि पिशवीत ती पत्रिका चार घड्या घालून. मला बघून त्या बाजूला आल्या आणि कागद उलगडला.

"मॅडम, हे आमच्याबद्दल लिवलंय ना? पोरीने वाचून दाखवलं."

मी हो म्हटलं.

"मला कुणी विचारलं? महिनाभर ती घरात तेच बोलत होती. मी मशीनवर बसून ऐकत होते. तिच्या बापाने ऐकलं. आम्ही नको म्हटलं नाय. मग आमच्या नावाने कुणी खोडलं?"

मला सांगता आलं असतं की वरून आदेश होता. मी सांगितलं, "भाभी, सांगितलं मोठ्या बाईंनी, पण खोडलं मी. माझ्या हाताने."

भाभी "तुम्ही?" एवढंच म्हणाल्या. मग कागदाची पुन्हा घडी केली.

"चला त्यांच्याकडे. मला इंग्रजी येत नाय. तुम्ही बोला. पण मी बोलेन तेवढं सगळं बोला. कमी करू नका."

मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला लगेच आत घेतलं, भाभींना बसायला खुर्ची दिली. खोलीत बाजूच्या टेबलावर शाळेच्या कुवेती उपमुख्याध्यापिका फायली घेऊन बसल्या होत्या. मंत्रालयाची पत्रं, परवानग्या, अरबी कागद सगळं त्यांच्याकडे असतं. अभ्यासाच्या बाबतीत त्या सहसा बोलत नाहीत. त्यांनी मान हलवून सलाम केला आणि पुन्हा फायलीत डोकं घातलं.

भाभी बोलत गेल्या आणि मी वाक्यावाक्याला इंग्रजी करत गेले. त्या म्हणाल्या, की त्या गावच्या मराठी शाळेत शिकल्या. तिथे झाशीच्या राणीचा धडा होता. इंग्रजांनी तिची गादी घेतली म्हणून ती लढली, असं मास्तरांनी सांगितलं होतं. राणीला नुसता राग आला, असं कुणी शिकवलं नव्हतं. त्यांची मुलगी एवढं पाठ करून रंगमंचावर उभी राहिली आणि माणसं हसली. कारण सांगितलं असतं तर कुणी हसलं असतं का? इथे भाषांतर करताना माझाच आवाज चढला, तेव्हा भाभींनी माझ्या हातावर हात ठेवला. मग त्या सरळ मुख्याध्यापिकाबाईंकडे बघून, त्यांना कळत नसूनही, मराठीत म्हणाल्या, "बाईला मारलं, ह्याची लाज मारणाऱ्याला पाहिजे. ती तुम्ही आमच्या गळ्यात कशी बांधली?"

मी ते जसंच्या तसं सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, की कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता, मुलांना जपायचा होता. तुम्हाला वेगळं वाटतं हे मला समजतं, पण विशेषतः इथल्या स्थानिक पालकांचा विचार करावा लागतो.

तेव्हा बाजूच्या टेबलावरची फाइल मिटल्याचा आवाज आला. उपमुख्याध्यापिका इंग्रजीत हळू बोलतात, प्रत्येक शब्द वेगळा. त्या म्हणाल्या, "स्थानिक पालक इथे बसली आहे. मला विचारा."

मग त्याच सांगू लागल्या. नव्वद साली इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. सैनिक शेजारच्या घरात शिरले त्या दिवशी आईने त्यांचे आणि थोरल्या बहिणीचे केस कात्रीने मुलांसारखे कापले. सात महिने त्या दोघी आतल्या खोलीत होत्या, खिडकीपाशीही जायचं नाही. आजी त्या खोलीच्या उंबऱ्याला आडवी झोपायची. आईने त्यांना का ते सांगितलं होतं, काही न लपवता. ते माहीत होतं म्हणूनच आम्ही गप्प राहू शकलो, असं त्या म्हणाल्या.

"घरात शिरलेला सैनिक काय करतो, हे या देशात मुलांना आजीकडून कळतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आम्हाला कशापासून वाचवताय?"

नऊ वर्षं मी त्यांच्याकडे परवानगीचे कागद घेऊन जात होते. चहा प्यायले होते, त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. भाभींसाठी मी हे हळू आवाजात मराठीत सांगितलं, आणि त्या उठून उपमुख्याध्यापिकांच्या टेबलापाशी गेल्या, त्यांचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या.

शेवटी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, की वाक्य परत घाला, वर्कशीटमध्येही घाला. सत्र संपायच्या आत सातवीच्या मुलांसाठी आणि ज्या आयांना यायचं असेल त्यांच्यासाठी नाटुकलं एकदा पुन्हा करा. एवढं त्यांनी मनापासून केलं, ते मी नाकारत नाही. पण भाभींची आणखी एक मागणी होती. आमच्या नावाने कागदावर छापलंय, ते कागदावरच मागे घ्या, असं त्यांचं म्हणणं. मी ते दोनदा सांगितलं. त्यावर उत्तर आलं की पत्रिका वाटून झाल्या, आता तो विषय संपला. तो कागद कधीच मागे घेतला गेला नाही. शाळेच्या फाइलमध्ये तो आजही असेल, आणि उद्या तो वाचणाऱ्याला वाटेल की कुवेतमधल्या आयांना हे ऐकवत नव्हतं.

दुसरा प्रयोग एका बुधवारी सकाळी झाला. मोजक्या आया आल्या होत्या, काही बुरख्यात, काही जीन्समध्ये, एक फिलिपिनो आई रात्रपाळी करून नर्सच्या गणवेशातच आली होती. उपमुख्याध्यापिका पहिल्या रांगेत बसल्या. या वेळी मी मुलीला आवाजाबद्दल काही सांगितलं नाही. त्या वाक्यापाशी तिने तो आपणहून खाली आणला. दोन्ही बाजूच्या पोरी ट्रॉलीचा दांडा धरून उभ्या होत्या. चाक तेव्हाही वाकडंच होतं. कुणीही हसलं नाही. कुणाला भोवळही आली नाही.

नंतर भाभी टोप पिशवीत भरताना मला म्हणाल्या, की शहरातल्या बायकामुलांना राणीच्या माणसांनी मारलं, ते पण खरं का? मी खरं म्हटलं. मग नाटकात ते ठेवलंत ते बरं केलंत, असं त्या म्हणाल्या.

एक तक्रार मात्र आली. मुख्याध्यापिकाबाईंनी ती ईमेल छापून माझ्यापुढे ठेवली. लिहिणारे गृहस्थ पुण्याचे, तेलाच्या कंपनीत इंजिनियर, गणपतीत आमच्या घरी येऊन जेवून गेलेले. त्यांचं म्हणणं होतं, की मुलांना इतिहास स्फूर्तिदायक पद्धतीने शिकवावा, असल्या गोष्टी कशाला. मला मुख्याध्यापिकाबाईंवर जेवढा राग आला होता त्याच्या दुप्पट त्यांच्यावर आला. झाशीची राणी दिवाणखान्याच्या भिंतीवर लावणारं घर आहे त्यांचं. घोड्यावरची, तलवार उपसलेली, आणि अंगावर ओरखडा नसलेली. नवऱ्याने पुढच्या गणपतीत त्यांना बोलावलं नाही. त्याने माझी बाजू घेतली ती अशी, तोंडाने एक शब्द न काढता.

एप्रिलमध्ये माझं कंत्राट नवं झालं, पण पुन्हा सहायक म्हणून. कारण विचारलं तर इंग्लंडहून माणूस मिळाला आहे असं सांगण्यात आलं, आणि ते खरंही होतं. सप्टेंबरमध्ये तो तरुण शिक्षक आला. माझ्या वर्कशीट त्याच्या फाइलमध्ये होत्या, वर त्याचं नाव छापलेलं. चांगल्या आहेत, कुणी केल्या, असं त्याने विचारलं. मी केल्या म्हणून सांगितलं. तो "ओह" म्हणाला, आणि नाव होतं तसंच राहिलं. या वेळी मी गप्प बसले नाही, कार्यालयात लेखी अर्ज दिला. उत्तर अजून आलेलं नाही. मी दर महिन्याला विचारते.

सातवीच्या त्या वर्गाचा माझा शेवटचा तास या नव्या शिक्षकाच्या कितीतरी आधी, सत्र संपायच्या आदल्या दिवशी झाला होता. उजळणी घ्यायची ठरवली होती. पण त्या मुलीने उभं राहून विचारलं, की राणीच्या त्या दोन मुलींचं पुढे काय झालं? आणि त्यांची नावं काय होती? आपण नाटकात त्यांना नुसतं 'थोरली' आणि 'धाकटी' का म्हणत होतो?

मी सांगितलं की माहीत नाही. वर्गाला ते पटेना. तुम्ही पुन्हा काहीतरी काढून टाकलंय, असं एक इजिप्शियन मुलगी स्पष्टच म्हणाली. तो आरोप मी कमावलेला होता. मग मी त्यांना पुस्तकं दाखवली. रोमच्या ज्या लेखकांनी हे बंड लिहून ठेवलं, त्यांनी सुभेदाराचं नाव लिहिलं, फौजांचे क्रमांक लिहिले. वेळेवर मदतीला न आलेल्या एका अधिकाऱ्याने स्वतःच्या तलवारीवर पडून जीव दिला, त्याचंही नाव लिहिलं. त्या दोन मुलींची नावं लिहिली नाहीत. लढाईनंतर त्या कुठे गेल्या, जगल्या की मेल्या, कुणी एक ओळ खर्च केली नाही.

"पण त्यांनी विचारायला हवं होतं," ती मुलगी म्हणाली. "कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं."

तासाची घंटा झाली तरी तिघीचौघी माझ्या टेबलाभोवती उभ्या होत्या. असं कसं लिहिलं नाही, कुणी कसं विचारलं नाही, म्हणून माझ्याशीच भांडत होत्या. पुढच्या तासाचे शिक्षक दारात येऊन थांबले. मी त्यांना दोन मिनिटं मागितली आणि मुलींना बोलू दिलं.